पेडल कोणतं घ्यावं? आधी पाय किती वेळा टेकता ते बघा

आमच्या रविवारच्या सायकल मंडळीत नवीन कोणी आलं की महिन्याभरात एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, ते बूट अडकणारे पेडल घेऊ का?" विचारताना नजर कोणाच्या तरी चकाकत्या बुटांवर असते. उत्तर देण्याआधी मी दोन गोष्टी विचारते. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाय किती वेळा जमिनीवर टेकतो? आणि टेकतो तेव्हा खाली काय असतं: सिमेंटचा रस्ता, गुळगुळीत फरशी की काळी माती? एवढं कळलं की निम्मं काम झालं. वेग, वजन, किंमत यांचा विचार त्यानंतर.

मी कुठून बोलते आहे तेही सांगून टाकते. घर नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात, नोकरी सिव्हिल लाइन्समध्ये. माटे चौक, बजाज नगर, शंकर नगर, लॉ कॉलेज चौक हा रोजचा रस्ता. अंगात सलवार-कुर्ता, पायात चप्पल नाहीतर साधे बूट, पाठीवर डब्याची पिशवी. रविवारी मात्र दुसरी सायकल, दुसरे कपडे आणि रामटेक, काटोल नाहीतर कळमेश्वरचा रस्ता. माझ्या दोन सायकलींना दोन वेगळ्या जातीची पेडलं आहेत आणि त्यांची अदलाबदल करावी असं मला कधी वाटलं नाही.

पाय अडकवून मिळतं काय

लोकांची समजूत अशी, की पाय पेडलला अडकला की खाली दाबण्याबरोबर वरही ओढता येतं आणि जोर दुप्पट होतो. ऐकायला झकास आहे. पण एका लयीत चालवताना पट्टीचे सायकलपटूसुद्धा फारसं वर ओढत नाहीत. वर येणाऱ्या पायाचं वजन पेडलवर कमीत कमी पडेल एवढंच ते बघतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलपटूंना मुद्दाम वर ओढायला लावलं होतं. पेडलवरचा जोर जास्त योग्य दिशेने लागला खरा, पण शरीराची कार्यक्षमता उलट घटली. तेवढ्याच कामाला जास्त ऊर्जा लागली. म्हणून दुकानातला कोणी "याने स्पीड एकदम वाढते" म्हणाला तर हसून पुढची वस्तू बघावी.

खरा फायदा वेगळाच आहे. पाय जागेवर राहतो. मिनिटाला नव्वद-शंभर फेऱ्यांनी पाय फिरत असताना, सेमिनरी हिल्सच्या चढावर सीटवरून उठून जोर मारताना, पावसात तळवे ओले असताना, किंवा सिमेंट रस्त्याच्या सांध्यांवर सायकल थडथडत असताना पाय पेडलवरून उडत नाही. शिवाय तीन-चार तासांनी माणूस थकला की पाय नकळत पुढे सरकतो, चवड्याऐवजी तळव्याच्या मधल्या भागाने पेडल दाबलं जातं आणि पोटरी, घोटा, गुडघा सगळ्यांचं गणित बदलतं. अडकवलेला पाय सरकत नाही. जोर एखाद-दुसऱ्या वेळीच लावायचा असेल, म्हणजे शर्यतीच्या शेवटी किंवा छोट्या खड्या चढावर, तेव्हा वर ओढण्याचाही उपयोग होतो, पण तो बोनस समजायचा.

ब्रेव्हे करणाऱ्यांना, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत पूर्ण करणाऱ्यांना, पाय जागेवर राहण्याची किंमत कळते. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली 'रेस ॲक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, साधारण ४,८०० किलोमीटर. अशा अंतरावर पाय रोज अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे पडणं परवडत नाही. पण फुटाळ्याला चक्कर मारून तर्री-पोहे खाऊन घरी येणाऱ्याला ते खुशाल परवडतं. आपण यातले कोण, हे आधी ठरवा.

साधं पेडल, पण चांगलं साधं

दुधवाल्याच्या, पेपरवाल्याच्या काळ्या सायकलीला रबरी ठोकळ्यांचं पायडल असतं. त्याला नावं ठेवू नका. चपलेला, अनवाणी पायाला, कुठल्याही बुटाला ते चालतं आणि काही शेकड्यांत नवी जोडी येते. रबर झिजून गुळगुळीत झालं की मात्र पहिल्याच पावसात पाय घसरतो. तेव्हा बदलून टाकायचं.

खरी अडचण नव्या गिअरच्या सायकलींबरोबर येणाऱ्या अरुंद प्लास्टिकच्या पेडलांची आहे. ती निव्वळ सायकल दुकानाबाहेर पडावी म्हणून लावलेली असतात. त्यांच्यावर पाय नीट मावत नाही, धरही मिळत नाही. 'मला क्लीट पाहिजे' (क्लीट म्हणजे बुटाच्या तळव्याला बसवायचा, पेडलात अडकणारा तुकडा) म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना प्रत्यक्षात हे पेडल काढून रुंद फ्लॅट पेडल लावायची गरज असते. रुंद म्हणजे चवडा पूर्ण मावेल असं, मध्ये थोडं खोलगट आणि दोन्ही बाजूंना छोट्या पिना असलेलं. पिना बुटाच्या रबरात रुततात आणि पाय जागेवर धरतात. त्याबरोबर बूट सपाट, थोड्या मऊ रबराचा पण न वाकणारा हवा. पळायच्या बुटांचा जाड फोम छान वाटतो, पण जोर फोममध्येच मुरतो.

पिनांचे दोन उपद्रव आहेत. एक म्हणजे नडगी. पाय सटकून पेडल उलटं फिरलं की नडगीवर ओळीने ओरखडे उठतात. दुसरा उपद्रव चपलेच्या तळव्याला. ऑफिसच्या सायकलीवर माझ्या पेडलांच्या पिना मधल्या काढलेल्या आहेत, कडेच्या तेवढ्या ठेवल्या. बहुतेक चांगल्या पेडलांत त्या छोट्या एलन कीने, म्हणजे षटकोनी टोकाच्या वाकड्या किल्लीने, निघतात. हे कोणी सांगत नाही, पण चपलेने सायकल चालवणाऱ्यांसाठी हा अगदी कामाचा उपाय आहे. आणि पेडलला रिफ्लेक्टर असतील तर काढू नका. रात्री वर-खाली हलणारा पिवळा ठिपका मागच्या गाडीवाल्याला स्थिर दिव्यापेक्षा लवकर कळतो.

शहरात माझ्या रस्त्यावर जेवढे चौक आहेत तेवढ्या वेळा पाय टेकतो, वर ऑटो आडवा आला की आणखी. तिथे फ्लॅटशिवाय दुसरा विचार मी करत नाही. शाळकरी पोरांच्या सायकलींनाही फ्लॅटच. यात वाद नाही.

पिंजरा आणि पट्टा

पेडलच्या पुढे लोखंडी किंवा प्लास्टिकचा पिंजरा आणि त्यातून ओवलेला चामड्याचा पट्टा, याला टो-क्लिप म्हणतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत युरोपातले शर्यतवाले यानेच पाय बांधत. स्वस्त आहे, साध्या बुटाला चालतं, म्हणून अजूनही कॉलेजच्या पोरांना मोह होतो.

याची गोम अशी की पट्टा सैल ठेवला तर पाय फारसा धरला जात नाही आणि घट्ट केला तर पाय काढायला आधी हाताने पट्टा सोडावा लागतो. गर्दीत ते जमत नाही. पाय मागे ओढून काढायचा असतो; घाबरलेला माणूस मात्र सवयीने बाजूला ओढतो आणि तिथेच आडवा होतो. शिवाय पेडल एकाच बाजूने वापरता येतं. निघताना बुटाच्या टोकाने ते उलटवून मगच पाय आत घालायचा. तोवर पिंजरा खाली लोंबत राहतो आणि गतिरोधकावर खरखरतो. चप्पल यात जात नाही, गेली तर निघत नाही.

तरी पिंजरा घ्यायचाच असेल तर आपल्या बुटाच्या मापाचा घ्या. लहान झाला तर बोटं पुढे टेकतात आणि चवडा पेडलच्या आसावर येतच नाही. पट्टा शहरात सैल, मोकळ्या रस्त्यावर बेताचा. पट्टा नसलेला अर्धा पिंजराही मिळतो. तो पाय फक्त पुढे सरकू देत नाही. शहर आणि थोडं बाहेर असं दोन्ही करणाऱ्यांसाठी तो बरा. तिसरा प्रकार पेडलवर तिरका बसवलेल्या रुंद पट्ट्याचा: टाच थोडी बाहेर ठेवून पाय आत घालायचा, टाच आत वळवली की पट्टा आवळतो, बाहेर वळवली की सैल होतो. फिक्सी चालवणारी पोरं हा वापरतात, कारण त्या सायकलीचं पेडल कधी थांबतच नाही आणि पाय सुटला तर फिरतं पेडल घोट्यावर आदळतं.

माझं मत विचाराल तर पिंजऱ्यावर खर्च करण्यापेक्षा तेवढेच पैसे चांगल्या फ्लॅटमध्ये घाला.

क्लीट: दोन बोल्ट की तीन

बर्फावर घसरायच्या स्कीला बूट अडकवण्याची यंत्रणा बनवणारी फ्रान्सची 'लूक' कंपनी. तिने १९८४ साली तीच कल्पना सायकलच्या पेडलात आणली आणि १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनोने त्या पेडलांवर जिंकली. पुढे काही वर्षांत शर्यतीतून पिंजरे गेले. १९९० साली शिमानो कंपनीने डोंगरी सायकलींसाठी एसपीडी नावाचं पेडल आणलं. आज दुकानात दिसणारे बहुतेक प्रकार या दोन घराण्यांतलेच.

लूकच्या घराण्यात बुटाखाली तीन बोल्टांनी बसवलेली मोठी प्लास्टिकची त्रिकोणी क्लीट असते. शिमानोचं एसपीडी-एसएल याच वळणाचं. पेडल एका बाजूचं, हलकं, पायाखाली रुंद आधार देणारं. शर्यतीला उत्तम. पण क्लीट तळव्याच्या बाहेर आलेली असते, त्यामुळे सायकलवरून उतरलं की माणूस टाचेवर बदकासारखा चालतो. गुळगुळीत फरशीवर तर भिंत धरूनच. चालण्याने क्लीट झिजतेही. रामटेकला जाऊन गडाच्या पायऱ्या चढायच्या असतील, टपरीवर उभं राहून चहा प्यायचा असेल, तर हे बूट तुमच्यासाठी नाहीत.

एसपीडीची क्लीट छोटी, पोलादी, दोन बोल्टांची. ती बुटाच्या तळव्यात खाचेत बसते, भोवती रबर असतं, म्हणून माणसासारखं चालता येतं. फार तर फरशीवर कधी टकटक वाजते. बहुतेक पेडलांत दोन्ही बाजूंनी पाय अडकतो, त्यामुळे खाली बघावं लागत नाही. विदर्भात रस्त्यावर लांब फिरणाऱ्या, पण शर्यत न करणाऱ्या माणसाला मी डोळे मिटून एसपीडी सांगते. माझ्या रविवारच्या सायकलला तेच आहे. "रोड बाइकला डोंगराचे पेडल?" असं म्हणणारे भेटतात. म्हणू द्यावं.

क्लीटमध्येही निवड आहे आणि नवशिक्याला ती पेडलपेक्षा महत्त्वाची. शिमानोची एसएच५१ टाच बाजूला वळवल्यावर सुटते. एसएच५६ अनेक दिशांनी सुटते, टाच तिरकी वर ओढली तरीही. सुरुवातीला ५६ लावा. हात-पाय सरावले, चढावर उभं राहून ओढताना पाय आपोआप सुटायला लागला की ५१ वर या. तीन बोल्टांच्या घराण्यात रंगावरून कळतं: एसपीडी-एसएलची पिवळी क्लीट अडकलेल्या अवस्थेत टाचेला ६ अंश हलू देते, निळी २ अंश, लाल अजिबात नाही. या मोकळ्या हालचालीला फ्लोट म्हणतात आणि गुडघ्याला तो हवा असतो. लाल क्लीट रुबाब म्हणून लावू नका.

एका बाजूला एसपीडी आणि दुसऱ्या बाजूला फ्लॅट असंही पेडल येतं. एकच सायकल असेल आणि तीच सोमवारी ऑफिसला, रविवारी लांब न्यायची असेल तर हेच घ्या. तोटा एवढाच की दर वेळी नको ती बाजू वर येते असं वाटतं. ते खरंही आहे, पण दोन सायकली ठेवण्यापेक्षा स्वस्त आहे.

क्रँक ब्रदर्स कंपनीचं एगबीटर पेडल अंडी फेटायच्या यंत्रासारखं दिसतं, चारही बाजूंनी पाय अडकतो आणि चिखल सहज गळून पडतो. क्लीट पितळेची असल्याने ती पोलादी क्लीटपेक्षा लवकर झिजते आणि पकड कमी-जास्त करायचा स्क्रू त्यात नसतो. टाइम कंपनीची ॲटॅक पेडलंही चिखलासाठी नावाजलेली. एवढंच लक्षात ठेवा की एका घराण्याची क्लीट दुसऱ्याच्या पेडलात बसत नाही.

चिखलाचा विषय आपल्याकडे उगाच निघत नाही. पावसाळ्यात काटोल रस्त्याला कडेला उतरून दोन पावलं काळ्या मातीत टाकली, की ती माती बुटाच्या खाचेत अशी गच्च बसते की क्लीट दिसेनाशी होते. पाय अडकत नाही, आणि वाळली की काड्यांनी टोकरत बसावं लागतं. बाटलीतल्या पाण्याची पिचकारी लगेच मारली तर सुटते. त्यापेक्षा उतरायचं ते डांबरावर किंवा मुरमावर. पाय टेकतो तेव्हा खाली काय असतं हे मी सुरुवातीलाच विचारते ते याचसाठी.

आधी बूट

गोकुळपेठेतले आमचे मिस्त्री गिऱ्हाइकाला सरळ सांगतात, "बूट आधी पाहून घ्या, ताई. पायडलची काहून घाई करून राहिले? ते मी कोणतंही बसवून देतो." अगदी बरोबर. पेडल पायाला लागत नाही, बूट लागतो. बुटाच्या तळाशी दोन बोल्टांची भोकं आहेत की तीनची, ते बघा. काही बुटांना दोन्ही असतात. संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. सायकल चालवताना घालता तेच मोजे घाला. पुढे बोटं हलली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये. आपल्यातल्या पुष्कळ जणांचे पंजे पुढे रुंद असतात आणि सायकलचे बूट अरुंद. म्हणून नुसता नंबर सांगून ऑनलाइन मागवण्याच्या भानगडीत पडू नका.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा आपण पहाटेच निघतो, पण परतताना नऊ वाजले तरी रस्ता तापलेला असतो. पाय फुगतात आणि चवड्याखाली आग व्हायला लागते. बूट घट्ट असेल तर ती आग पेडल बदलून जात नाही. पुढचा पट्टा सैल करायचा, जाळीचे बूट घ्यायचे, आणि क्लीट थोडी टाचेकडे सरकवून बघायची.

क्लीट बसवणं

हे काम घरी होतं. लागते फक्त ४ मिलिमीटरची एलन की. मोजा-बूट घालून अंगठ्याच्या मुळाचं हाड आणि करंगळीच्या मुळाचं हाड बोटाने चाचपा आणि बुटाच्या दोन्ही कडांना त्या जागी चिकटपट्टीचे तुकडे लावा. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या दरम्यान यावा. लांब पल्ल्यासाठी किंचित मागे चालेल, पुढे नको. पुढे गेली की पोटरीवर ताण येतो. कोनासाठी टेबलाच्या कडेवर बसून पाय मोकळे सोडा. चवडे जिकडे बघतात तिकडेच ते पेडलवरही बघू द्या. कोणाचे सरळ असतात, कोणाचे थोडे बाहेर. जबरदस्तीने समांतर करू नका.

बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लावा आणि ५ ते ६ न्यूटन-मीटर, म्हणजे हातातल्या छोट्या एलन कीने जोर काढून जेवढं घट्ट होईल साधारण तेवढं आवळा. पहिल्या लांब फेरीला ती एलन की खिशात असू द्या. गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं तर क्लीटचा कोन एखाद-दुसरा अंश बदलून बघा. पुढून वाटीखाली दुखलं तर बहुधा सीट खाली आहे. बूट-पेडल बदलल्यावर तळवा आणि आस यांतलं अंतर काही मिलिमीटरने बदलतं, त्यामुळे सीटची उंची पुन्हा तपासावीच लागते. आठवडाभर थांबूनही दुखणं जात नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा, ग्रुपवर विचारत बसू नका.

एक गोष्ट नीट ऐका. क्लीटचा एखादा बोल्ट पडला किंवा सैल झाला तर बूट वळतो पण क्लीट पेडलातच राहते. तुम्ही टाच कितीही फिरवा, पाय सुटत नाही. अशा वेळी धडपड न करता बुटाचा पट्टा सोडून पायच बुटातून बाहेर काढायचा. म्हणून पावसाळ्यात दर पंधरवड्याला बोल्ट तपासायचे. बोल्टाच्या डोक्यातल्या खाचेत माती बसलेली असते. ती टोकदार वस्तूने पूर्ण काढल्याशिवाय एलन की घातली तर खाच गोल होते आणि मग मिस्त्रीकडे ड्रिलचं काम निघतं.

सुटायला शिकणं

क्लीटवरून पडणारे वेगात पडत नाहीत, थांबताना पडतात, आणि बघायला नेमका अख्खा चौक असतो. माझा भाचा शंकर नगर चौकात असाच हळूच आडवा झाला. सिग्नलचे आकडे उलटे मोजत होते आणि तो नंतर सुटू म्हणत शेवटपर्यंत थांबला.

पेडलच्या मागच्या बाजूला पकड कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो, एसपीडीत बहुधा ३ मिलिमीटरच्या एलन कीचा. दोन्ही पेडलांच्या दोन्ही बाजू मिळून असे चार स्क्रू. चारही पूर्ण सैल करून सुरुवात करा. मग भिंतीला किंवा खांबाला धरून उभ्या सायकलवर एक पाय अडकवा, सोडवा. कंटाळा येईपर्यंत. मग दुसरा. त्यानंतर गवताच्या मैदानात चालत्या सायकलवर. हालचाल एकच: टाच बाहेर. गुडघा वर ओढायचा नाही. पाय सर्वात खाली असताना टाच सहज वळते.

रस्त्यावर आल्यावर डावा पाय सोडायचा, कारण आपण डावीकडून चालतो आणि फुटपाथ, कड, कठडा जे काही असेल ते डावीकडे असतं. चौक दिसला की आधी गिअर हलका करा, मग थांबायच्या वीस-तीस मीटर आधीच डावा पाय सोडून पेडलवर नुसता ठेवा आणि थांबताना शरीर डावीकडे झुकवा. उजवीकडे झुकलात तर डावा पाय सुटलेला असून उपयोग नाही. व्हरायटी चौकासारख्या ठिकाणी तर दोन चौक आधीपासून सुटलेलंच राहा. सिग्नल सुटला की उजव्या पायाने निघा आणि सायकल सरळ झाल्यावर डावा पाय अडकवा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या.

पेडल काढणं-घालणं

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे पुष्कळांना माहीत असतं, पण ऐन वेळी कोणती बाजू ते आठवत नाही. सोपी रीत अशी: पाना पेडलच्या आसावर उभा लावा आणि वरचं टोक सायकलच्या मागच्या चाकाकडे ढकला, सुटेल. पुढच्या चाकाकडे ढकला, आवळेल. दोन्ही बाजूंना हेच. आतून एलन की लावली तरी हेच. पाना १५ नंबरचा, पातळ तोंडाचा लागतो. काही पेडलांना ६ किंवा ८ ची एलन की. जोर लावण्याआधी साखळी पुढच्या मोठ्या चक्रावर चढवून ठेवा. हात सटकला तर दात्यांनी बोटं फाटत नाहीत.

आसावर 'एल' आणि 'आर' कोरलेलं असतं. नवं पेडल आधी ग्रीस लावून नुसत्या बोटांनी तीन-चार आटे फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर काहीतरी चुकतंय. पाना लावून रेटलं तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे जातात आणि पेडलऐवजी क्रँकचा खर्च निघतो. मोठ्या माणसांच्या बहुतेक सायकलींना ९/१६ इंची आटे असतात. एकाच सळईतून वाकवलेला क्रँक असलेल्या लहान मुलांच्या सायकलींना अर्धा इंची. तेवढं बघून घ्या.

वापरलेलं पेडल घेत असाल तर, आणि क्लीटवाल्या पेडलांचा जुना माल बऱ्यापैकी फिरत असतो, आस बोटांत धरून हळू फिरवा. दाणेदार लागलं तर छर्रे आणि ग्रीस बदलून ते सुधारतं. पेडल आसावर खटखट हलत असेल तर आतला कोन, म्हणजे छर्ऱ्यांना धरणारा शंकूसारखा नट, आवळून बघता येतो. पण फिरवताना पेडल लहरत असेल, म्हणजे आस वाकलेला असेल, तर परत द्या. आणि क्लीट मात्र जुनी घेऊ नका. झिजलेली क्लीट कधी सुटेल आणि कधी सुटणार नाही याचा भरवसा नसतो.